कोपऱ्यावरचे सात वडे

साल्व्हादोर,
१९ नोव्हेंबर १९९८

चि. जुसारास बाबांचे आशीर्वाद.

पत्राला दोन महिने उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला. साओ पावलोत तुझी तब्येत कशी आहे? इकडे सगळं ठीक.

ठीक नाही, पोरी. आईचा उजवा हात भाजला. वडे तळताना कढई उलटली, पामतेल कोपरापर्यंत आलं. एक कुत्रं टेबलाखाली घुसलं, त्याचा धक्का. कुत्र्यांचं काय, कुठूनही येतात.

हात वाचला, पण बोटं वळत नाहीत. चवळीचं पीठ फेटणार कोण? पलीकडच्या चौकात वडे तळणाऱ्या क्रेउझाबाई काल म्हणाल्या, "आनिसियोभाऊ, तुम्हीच नेसा आम्हा वडेवाल्या बायकांचा पांढरा घागरा आणि बसा!" सगळे हसले. मग हळूच म्हणाल्या, "सांता बार्बराच्या सणाला जागा रिकामी दिसली, तर दुसरी कोणी बसेल हो." सण चार डिसेंबरला. जागा तुझ्या पणजीपासूनची.

आई म्हणते, "जुसारा येईल." मला ते ऐकवत नाही.

जूनमध्ये घरी आलीस तेव्हा तू नव्या चर्चचं सांगत होतीस. पहिले सात छोटे वडे रस्त्याला टाकणं म्हणजे सैतानाची पूजा, ते थांबेपर्यंत या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणालीस. आई उसळली, "रस्त्यावर बसून पोट भरायचं आणि रस्त्यालाच घास द्यायचा नाही? माझ्या खापरपणजीला गुलाम म्हणून साखळीने बांधून जहाजातून आणलं, तिने एवढंच बरोबर आणलं!"

आईचे गुडघे दुखतात, म्हणून ते वडे कोपऱ्यावर टाकायचं काम माझं. तू गेल्यापासून मी टाकलेच नाहीत. खिशात घालायचो. थांबलं म्हणून तुला खोटं न बोलता लिहिता यावं, एवढ्यासाठी.

ते पिवळं कुत्रं पूर्वी रोज कोपऱ्यावर तेच वडे खायचं. त्या दिवशी खिशाच्या वासाने माझ्यामागे टेबलाखाली आलं.

दवाखान्यात आईने विचारलं, "काय हो, सात वडे टाकत होतात ना?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ती स्वतःचीच चूक शोधते आहे. "कुठला नेम मोडला हो माझ्याकडून?" रोज विचारते, आणि मी पाणी आणायला उठतो.

तू शेजारी असलीस, तर तिला खरं सांगेन. एकट्याने जमत नाही. तू फक्त पीठ फेट. टाकायचे ते मी टाकीन, तू तोंड फिरव.

यायचं नसेल तर तसं लिही, पण सणाआधी लिही. दोन ओळी पुरेत.

तुझा बाप,
आनिसियो