द्राक्षांचे औषध आणि माझा शर्ट

नाशिक रोड,
ता. १२ डिसेंबर १९८३

आदरणीय साडूभाऊ मोतीरामजी यांस,

भिमाजीचा सप्रेम जयभीम. आम्ही येथे सर्व खुशाल आहोत, फक्त माझ्यावर दारू पिऊन स्कूटर चालवल्याची केस झाली आहे. सौ. सखू विचारते, तिच्या गोजराताईंचा गुडघा आता कसा आहे?

गेल्या मंगळवारी निफाडला तुमच्या बागेत मी मदतीला आलो होतो. दिवसभर मांडवाखाली मान वर करून एकेक घड औषधाच्या मगात बुडवणे हे शाळामास्तराचे काम नव्हे, असे मी तेव्हाही म्हणालो होतो. (तुम्ही म्हणालात, "मास्तर, लय बोलू नका, घड बघा.") मणी फुगवायची ती पावडर आधी स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते, म्हणून तुम्ही कॅन माझ्या हाती दिलात. बूच सैल आहे हे मात्र सांगितले नाहीत. अर्धा कॅन माझ्या शर्टावर सांडला. वाऱ्याने वास उडून जाईल, असे म्हणून तुम्ही मला स्कूटरवर बसवलेत. वास नाशिकपर्यंत माझ्याबरोबर आला.

नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली. मी लगेच थांबलो, पण दिवसभर वर केलेली मान काही खाली येईना, त्यामुळे त्याच्या टोपीच्या बरेच वर बघून मी नाव सांगितले. औषधाने डोळे लाल झाले होते. मी आमच्या वसाहतीच्या व्यसनमुक्ती मंडळाचा चिटणीस आहे, हे मी त्याला शांतपणे समजावले. तो म्हणाला, "सगळे असंच काहीतरी असत्यात साहेब. मागल्या आठवड्यात तर अध्यक्ष सापडला."

दवाखान्यात जमिनीवर खडूने रेघ मारून तिच्यावरून चालायला लावले. रेघ पायाखाली आणि माझी नजर छताच्या पंख्यावर. शिवाय रेघ मुळातच वाकडी होती. (पुसून पट्टीने नीट मारून देऊ का, असे मी विचारले. डॉक्टरांनी तेही कागदावर लिहून घेतले.) रक्त काढण्याआधी नर्सबाईंनी दंड स्पिरिटने पुसला, त्यावर मी हरकत घेतली. तीही लिहून घेतली गेली.

रक्ताचा अहवाल यायला महिना लागेल म्हणतात. वसाहत काही महिनाभर थांबत नाही. काल विहारात नेहमीप्रमाणे पंचशील मीच म्हणवून घेतले. चार शीले बरी गेली. मद्यपानाचे पाचवे आल्यावर सगळी मंडळी गप्प झाली आणि ते मला एकट्यालाच म्हणावे लागले.

त्यातच थोरलीची सोयरीक विंचूरच्या भिकनरावांच्या मुलाशी ठरत आलेली. त्यांची हुंड्याची अट नाही, मानपानाची नाही. एकच अट आहे, की घरात दारूला शिवलेला माणूस नको. साडूभाऊ, मला शिक्षेची भीती वाटत नाही. पोरगी मंगळवारपासून माझ्याशी बोलते ती दोन हात लांब उभी राहून, ते मात्र सहन होत नाही.

असो. तुम्हा उभयतांना दीर्घायुष्य आणि घट्ट बुचे लाभोत.

आपला,
भिमाजी

ता. क. मुख्य काम राहिलेच. भिकनराव येत्या रविवारी येणार आहेत. तुम्ही कॅन घेऊन यावे आणि ते स्पिरिटच होते असे त्यांच्या तोंडावर सांगावे. शर्ट सखूने धुतलेला नाही. पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवला आहे.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला निघालो तोच भिकनराव दारात उभे. केसची बातमी विंचूरला पोचली होती. मी सारी हकीकत सांगितली आणि पिशवी सोडून शर्ट पुढे केला. त्यांनी तो नाकाला लावला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे स्पिरिट नाय मास्तर. मोहाची हाय, पेठकडची. पहिल्या धारेची." (साडूभाऊ, यावर मी तुमच्याशी वेगळे बोलेन.) मग म्हणाले, "पिणारा माणूस एवढी सांडत नसतो. तुम्ही निर्दोष." सोयरीक पक्की म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. सखू चहा टाकायला आत गेली होती, ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हा रविवारी याच, पण आता ही सोयरीक मोडावी कशी ते सांगायला. कॅन घरीच ठेवा. भिकनराव जाताना त्याची चौकशी करत होते.