दोन नवस, एक मलिदा

दिमोना, गुरुवार

तीर्थस्वरूप हनोखदादा यांस,

धाकटा भाऊ बेनू याचा शालोम. तुमचे दोन्ही हात हातात घेऊन बोटं ओठांना लावली आहेत असं समजावं. वहिनींचा गुडघा कसा आहे? इथून पाठवलेलं मलम गुडघ्यासाठी होतं, ते तुम्ही टाचेच्या भेगांना लावून संपवलंत असं कळलं. भेगा भरल्या असतील तर तेही चांगलंच झालं. आम्ही सगळे सुखरूप आहोत. सेगुलाची साखर ताब्यात आहे, सेगुला नाही.

मागल्या पत्रात मी लिहिलं होतं की आपला आसाफ त्या खास तुकडीचं शिक्षण पुरं करून टोपी घालून घरी आला. ते पत्र तुम्ही रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलंत, हेही कळलं. दादा, ते पत्र मी टोपी मिळायच्या आठवडाभर आधी टाकलं होतं. (पत्र पोचायला दहा दिवस लागतात, तोवर मिळालेली असेलच, असा हिशेब. गुडघ्याला बाशिंग बांधायची आपल्या घराण्याची सवय तुम्हाला माहीत आहे.) टोपी मिळाली नाही. आसाफ ते शिक्षण सोडून आला. त्याला आता महिना झाला. या महिन्याभरात मला त्याच्याशी एक धड वाक्य बोलता आलेलं नाही. पोरगं मान वर करून हिंडेल असं काहीतरी बापानं म्हणायला पाहिजे, एवढं मला समजतं. तोंड उघडलं की 'जेवलास का' एवढंच बाहेर पडतं. तो बिचारा प्रत्येक वेळी जेवतो.

तर झालं ते असं. शिक्षणाच्या शेवटी या पोरांना साठ किलोमीटर चालवतात. पाठीवर ओझं, आणि शेवटचे काही किलोमीटर खांद्यावर स्ट्रेचर, त्याच्यावर त्यांच्यातलाच एक निजलेला. (आसाफ म्हणतो, नेमका सगळ्यात जाड पोरगाच जखमी व्हायला पुढे होतो.) मी बाजारातून एक कलिंगड आणताना वाटेत दोनदा बसतो. हे स्ट्रेचर त्या पोरांना चढावर पळत न्यायचं असतं. शेवटी डोंगराच्या पायथ्याशी आईबाप पातेली घेऊन उभे असतात, टोपी मिळाली की पोरांना भरवायला. मी एलियाहू हनाबीला नवस बोललो होतो की टोपी मिळू दे, तिथेच मलिदा करीन. सेगुलानं अख्खा दिवस खपून पोहे, गूळ, ओलं खोबरं कालवलं, पाच फळं वेगळी बांधली, आणि इतकी गप्प होती की मला वाटलं आनंदानं बोलती बंद झाली आहे.

शेजारच्या मसऊद ओहायोननं आपली मिनीबस काढली. मसऊद मोरोक्कोकडचा, तोंडाचा पट्टा कायम चालू. वाटेत तीनदा म्हणाला, "बिन्यामीन, पोराला नुसते पोहे खायला घालून सैन्यात पाठवलंस, पहिल्या वाऱ्याला उडेल." मी म्हणालो, आधी टोपी बघ आणि मग बोल. बसमध्ये आम्ही तेरा जण होतो. माझ्या साडूनं कापडी फलक रंगवून आणला होता, त्याच्यावर आसाफचं नाव माझ्या नावाहून लहान होतं. ती चूक माझीच. रंगवायचा मजकूर मी लिहून दिला होता.

सकाळी आठ वाजता पोरं उतरणीवरून येऊ लागली. दादा, ते दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही. तोंडाला काजळी, अंगावर बोटभर धूळ, कुणाचा पाय फरफटतोय, कुणी दोघांच्या आधारानं येतोय, आणि सगळे गातायत. सगळे सारखेच दिसत होते. मी डोळे पुसत पुढे धावलो, एकाला मिठी मारली आणि मूठभर मलिदा त्याच्या तोंडात कोंबला. तो कोणी रशियाकडचा पोरगा निघाला. दुसऱ्याला भरवला, तो गिळून म्हणाला, "काका, काय आहे माहीत नाही, पण अजून द्या." तिसऱ्याची आई माझ्याकडे बघत उभी होती. असे चार परके पोरगे झाल्यावर मला आमचा दिसला. पाण्याच्या टाकीशेजारी एक लांब टेबल होतं. त्यामागे उभा राहून तो कलिंगडं कापत होता. त्याचे कपडे स्वच्छ होते. त्या एवढ्या गर्दीत तेवढेच कपडे स्वच्छ होते.

मी जवळ गेलो. इतक्या महिन्यांच्या श्रमांनंतर पोराला बापाच्या तोंडून पहिलं काय ऐकू यावं? "टोपी कुठाय?" हे मी बोललो, दादा. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

तो सुरी खाली ठेवून म्हणाला, "अबा, मी शनिवारी सोडलं. जमत होतं, पण मला हे व्हायचं नाही. तुला इकडे घेऊन यायला आईला सांगितलं होतं, घरी बसून दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी समोर सांगावं म्हणून." (इथली मुलं बापाला अरेतुरेच करतात. आता त्याची सवय झाली.) म्हणजे सेगुलाला सगळं ठाऊक होतं. तरी तिनं मलिदा कालवला, फळं बांधली, आणि मला सगळ्या गोतावळ्यासकट आणि फलकासकट मिनीबसमध्ये बसवलं. मी तिला विचारलं, टोपी नाही तर नवस कसला फेडतेस? ती म्हणाली, "तुमचा नवस टोपीचा. मी वेगळा बोलले होते. दिलाय तसा परत येऊ दे, एवढाच. आणि मी तुमच्या आधी बोलले होते." आमच्या घरातून एकाच दरबारात एकाच पोरासाठी दोन उलट अर्ज गेले होते, आणि आधीचा मंजूर झाला.

तरी मी गप्प बसलो नाही. मी त्यांच्या अधिकाऱ्याला गाठलं. हा अधिकारी म्हणजे एकवीस वर्षांचा पोरगा, मिसरूड नीट फुटलेलं नाही. मी त्याला साहेब साहेब करत मलिद्याचा द्रोण पुढे केला आणि आसाफला परत घ्यायची विनवणी केली. त्यानं मलिदा खाल्ला, बोटं चाटली, आणि मला खाली दगडावर बसवलं. म्हणाला, "चढावर मोडून पडणारे मी रोज बघतो. तुमचा मुलगा आधीच्या सरावात स्ट्रेचर वरपर्यंत घेऊन गेला. वर नेऊन नीट ठेवलं, बाकीच्यांना पाणी दिलं, मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, आता पुरे, मी जातो. तीन दिवस मी समजूत घातली. शेवटी मीच दमलो. आज यायची त्याला काही गरज नव्हती. मित्र येतील तेव्हा मी तिथे असायला हवं, म्हणून परवानगी मागून आलाय."

मी मागे वळून बघितलं. टोपी मिळालेली पोरं आईबापांना सोडून आधी त्या टेबलाकडे जात होती. एकेक जण कलिंगडाच्या रसानं भरलेल्या आसाफच्या गळ्यात पडत होता. त्याच्या स्वच्छ सदऱ्यावर सगळ्यांची धूळ बसली. तो हसत होता, दादा. सगळ्यांच्या देखत, ज्या दिवशी आपल्याला टोपी नाही त्या दिवशी, तिथे उभं राहून दुसऱ्यांना कलिंगड कापून द्यायचं. माझी छाती नाही तेवढी. साठ किलोमीटर एक वेळ चाललो असतो, कुणी झोळीत घातलं तर. त्या टेबलामागे मी पाच मिनिटं उभा राहिलो नसतो. एवढं मोठं काळीज या पोरात कुठून आलं, मला खरंच कळत नाही. सेगुलाच्या माहेरचं असावं.

मग सेगुलानं तिथेच पदर डोक्यावर घेऊन पातेलं उघडलं. आम्ही मलिद्याची प्रार्थना म्हटली आणि सबंध तुकडीनं मलिदा खाल्ला. मसऊदनं फलक काढून फळांखाली अंथरला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं थट्टा केली नाही. आसाफला म्हणाला, "माझा थोरला नको असलेल्या नोकरीत अठरा वर्षं बसलाय. तू काही महिन्यांत उठलास." बघा, मसऊदला सुचलं. मला नाही.

आता आसाफला साध्या तुकडीत गाड्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालंय. दर शुक्रवारी घरी येतो. मी कापडगिरणीत मागासमोर उभा राहून वाक्यं म्हणून बघतो. यंत्राच्या आवाजात छान वाटतात, घरी येईपर्यंत विरतात. बाकी सर्व क्षेम. वहिनींना शालोम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बेनू

ता. क. सेगुलानं पत्र वाचलं. ती मला म्हणते, परतीच्या वाटेत तुम्ही तीन तास खिडकीकडे तोंड करून बसला होतात आणि पोरगं मागून तुमच्या मानेकडे बघत होतं, ते लिहा. लिहिलं.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. दादा, तुम्ही नौदलाचं शिक्षण सोडून परत आलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन भर दुपारी आलात. बाबा ओटीवर बसले होते, ते उठून आत गेले, आणि पेसाहच्या सणापर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत. मी आळीभर सांगत सुटलो की आमचा दादा रडत परत आला. तुम्ही रडत नव्हतात. ही गोष्ट आपण दोघांनी आजवर कधी काढली नाही. आज एवढं लांब लिहिलं ते एकच विचारायला: त्या दुपारी ओटीवर कुणी काय म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं? वाक्य आखूड असू द्या, मला पाठ होत नाही. ते आलं की आसाफला म्हणायच्या आधी मी तुम्हाला लिहून पाठवीन. तुमची पाळी आधीची आहे.