आखाडातला फोन

२९ जून
शांता, माफ कर. वही उघडायला फार उशीर झाला. तू गेल्यावर रोज लिहीन म्हणालो होतो, पण ज्योतीच्या लग्नाच्या धावपळीत राहून गेलं. आखाड लागला म्हणून काल दिंडोरीला जाऊन ज्योतीला माहेरी आणली. पहिला आखाड. नवरीने महिनाभर नवऱ्याचं नि सासूचं तोंड बघायचं नाही, तूच सांगायचीस. विहीणबाई हसल्या, "अहो भाऊ, नवरा कॅनडात. तोंड बघणार कसं?" मी म्हटलं, मोबाईलवर रोज बघते ना, तेही बंद.
ज्यो. कपड्यांची पिशवी भरत राहिली. एरवी माझ्या असल्या गोष्टींना हसते.

३ जुलै
नितीनचा फोन, माझ्या मोबाईलवर. "अण्णा, हे काय नवीन? नुसतं बोललं तर काय होतं?" मी म्हटलं, जावईबापू, महिन्याचा तर प्रश्न. रागावला असेल. तो तिकडचा नागरिक. त्याची बायको म्हणून ज्यो.ला तिकडे राहायची परवानगी मिळायची आहे, पुढे नागरिकत्व. कागद गेलेत. तोवर ती सासरी, दिंडोरीला.
ज्यो. दुपारी गाढ झोपते. लग्नाआधी अशी झोपत नव्हती.

८ जुलै
ज्यो. भाजीला गेलेली, तिचा मोबाईल चार्जिंगला. लांबलचक नंबर आला, उचलला. व्हिसाच्या कचेरीतली बाई, हिंदीत. ज्योती ससुराल में रहती है? मी: नहीं जी, मेरे पास. पति से बात होती है? मी साफ सांगितलं, "नहीं जी. अभी उसको पति का मुंह नहीं देखने का. बात भी बंद." बाईने लिहून घेतलं वाटतं. मग ठीक है म्हणाली. रिवाज समजावून सांगेपर्यंत फोन बंद.
मला वाटलं बरं बोललो. ज्यो.ला सांगितलं तर पिशवी हातात धरून तशीच उभी. "अण्णा, त्यांना वाटेल आमचं मोडलं." मग खाली बसून कोथिंबीर निवडायला लागली. रडेल वाटलं होतं. नाही रडली.


१० जुलै
विहीणबाई जीप घेऊन आल्या. दाराबाहेरच उभ्या, रस्त्याकडे तोंड करून. तेव्हा हसल्या होत्या, पण नियम त्याही मोडेनात. "भाऊ, लय शानपना केला तुमी. पोराचा संसार बसायच्या आधी उठवला. आजच पाठवा तिला. मी म्होरं बसते, ती मागं बसंल. तोंड बघायचंच नाय."
आतून ज्यो., "आई, आखाड संपला की येते."
चहा न घेता गेल्या.

१४ जुलै
कचेरीने आणखी पुरावा मागितला. दोघं रोज बोलतात याचा, फोटो वगैरे. घरच्यांशीही पुन्हा बोलणार. नितीन म्हणाला, "अण्णा, पंधरा दिवस कोरे. काय दाखवू त्यांना?" मग माझ्याकडून पाठ करून घेतलं. बोलो, बेटी खुश है, रोज बात करते हैं. तीनदा म्हणायला लावलं. सातवीत नापास झालेला माणूस मी, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

१७ जुलै
ज्यो.ला म्हटलं, मोडू आखाड. आत्ता लाव फोन, तुझ्या आईला मी वहीत सांगतो.
"राहू द्या ना अण्णा."
का म्हणून धरून बसलो. शेवटी बोलली. रोज फोनवर नितीन तिला मोबाईल घरभर फिरवायला लावतो. खोलीत कोण, दाराला कडी आहे का, पलंगाखाली दाखव. आंघोळीला उशीर का झाला. "आखाडात तेवढं सुटलं माझं. तिकडे गेल्यावर राहणं त्याच्या नावावर, परत यायचं तर त्याला विचारून."
मी म्हटलं, नको म्हण मग.
"म्हणू? लोक विचारतील तेव्हा तुम्ही दार उघडाल?"
आळीत पेढे मीच वाटले. पोरगी कॅनडाला चालली, सांगत फिरलो. शांता, तू असतीस तर

२३ जुलै
उद्या दिव्यांची अमावस्या. ज्यो.ने समया घासल्या. म्हणाली, फोन आला तर तुम्हाला सुचेल ते सांगा. मला काही सुचत नाही, हेच तर आहे.

२५ जुलै
जीप आली, नेली. विहीणबाईंनी तोंड कुरवाळलं, "वाळली गं माझी बाय." खोटं नव्हतं ते. नितीनचं हे त्यांना माहीत नसेल. की असेल.

२७ जुलै
नदीवर फिरायला गेलो, निम्म्यातून परत. मोबाईल हातातच, खिशात ठेवला तर ऐकू येत नाही.

२८ जुलै
आला. तीच बाई, माझ्या नंबरवर. बेटी खुश है? पाठ केलेलं सगळं होतं, तोंडातून निघेना. म्हणालो, "उसको पूछो जी. अकेली होगी तब पूछो. सास नहीं, पति नहीं, मैं भी नहीं." बाईने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच. मग ठीक है.
काय करून बसलो कळत नाही. बरं की वाईट. नितीनला कळलं तर राग तिच्यावर निघायचा.

३० जुलै
काल पंचमी. आणायला येतो म्हटलं तर विहीणबाई म्हणाल्या, "आत्ताच तर महिनाभर ऱ्हायली. नाय पाठवायची." ज्यो.चा मोबाईलही त्याच उचलतात. कामात हाय म्हणतात. आता दिवाळीपर्यंत तिला आणायला निमित्त नाही. आखाड पुढच्या वर्षी, आणि तो पहिला नसेल.
ज्योते, त्या बाईने तुला एकटीला विचारलं का? काय सांगितलंस? हो म्हणाली असलीस तरी चालेल, नाही म्हणाली असलीस तरी मी दार उघडीन. बोलता येत नसेल तर नुसती रिंग दे आणि ठेव. पण लवकर दे, बाळा. मोबाईल उशाशीच आहे.