अंगणातलं निळं पिंप

खांदा कॉलनी, पनवेल
मंगळवार

ती. आईस,

हितेशचा नमस्कार. मी बरा आहे, जेवणही चांगलं मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

सध्या एका संस्थेसाठी इथल्या वस्तीतल्या कामगारांचे फोटो काढतोय. काल रसायनांची रिकामी पिंपं धुतात त्या शेडमध्ये गेलो होतो. कमळाबाई नावाच्या एक बाई उघड्या हातांनी आतला चिकट थर खरवडत होत्या. बोटांची सालं निघालेली, दोन नखं गळालेली. मी हातांचा फोटो घेऊ लागलो तर मालक म्हणाला, "हात कशाला? हसरे चेहरे घ्या ना!" मला शिसारी आली.

धुतलेली पिंपं कुठे जातात, असं कमळाबाईंना विचारलं.

"गावाला, पानी भराला. आमी नाय ठेवत घरात."

आई, मे महिन्यात मी तुला अंगणात पाणी साठवायला असंच निळं पिंप बाजारातून आणून दिलं. मला माझीच किळस आली.

फोनवर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितोय. त्या पिंपातलं पाणी ओतून टाक, गुरांनाही देऊ नकोस. आणि दादाच्या भाविकाला अंगभर पुरळ उठलंय म्हणालीस, ते उन्हाचंच असेल. तरी उद्याच डॉक्टरांना दाखव.

तुझा,
हितेश