तिच्या वतीने

१८ जून २०२५

भांडून आले! विभागप्रमुख म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण भाषा... संशोधनाला भाषा लागते." म्हटलं, कोणाची? फाइल चाळू लागले.

मुलगी म्हणजे स्नेहल. पेठ तालुक्यातल्या डोंगराकडची, नागली-भात पिकवणाऱ्या देवराम-भागीबाईंची लेक. आमच्या मार्गदर्शन योजनेत निवडीसाठी आली होती. ज्या गावांतून आजवर कुणी मानसशास्त्राच्या संशोधनात आलं नाही, तिथल्या मुलामुलींना आणायची योजना. कागदावर सगळ्यांना आवडते. मुलगी समोर येऊन बसली की भाषा आठवते!

मुलाखतीत म्हणाली, "नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत हाय — तुम्हाला रिकामं रिकामं वाटतं का? आमच्याकडच्या बाया म्हणतात, हो, वाटतं ना, भात कापून झाला की! ते दुःख नाय, मॅडम. सुट्टी हाय ती."

विभागप्रमुख हसले. मला हसू आलं नाही. शहरात बसून केलेल्या प्रश्नांनी अशा किती धडधाकट बायांना आजारी ठरवलं असेल? तिला याचाच अभ्यास करायचाय.

२० जून

घेतली तिला! मार्गदर्शक मीच.

एम.ए.ला असताना माझ्या हातांना झेंडूचा वास येतो म्हणून वर्ग हसायचा. मळ्यातली फुलं तोडूनच यायचे ना कॉलेजला. तेव्हा माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. हिच्या बाजूने मी आहे. बघू कोण हसतं ते.

११ जुलै

वसतिगृहात खोली नाही म्हणे. मिळाली! कशी मिळवली ते लिहीत नाही.

२२ नोव्हेंबर

आज विभागात स्नेहलचं पहिलं सादरीकरण. छान बोलली. शेवटी विभागप्रमुखांनी खवचटपणे विचारलंच — "चार बाया काही म्हणाल्या म्हणून अख्खी प्रश्नावली चुकीची?"

मी उठलेच. चार नव्हे, किती गावं, किती बाया, भाषांतर कसं तपासलं — धडाधड सांगितलं. सरांना बोलायला जागाच ठेवली नाही. टाळ्या पडल्या.

बाहेर चहाला आलो तर स्नेहल माझ्याकडे बघेना. म्हटलं, काय झालं गं?

"उत्तर मला येत होतं, मॅडम."

"अगं, ते मुद्दाम तुला—"

"माहीत हाय मला. मीच द्यायचं होतं."

चहा तसाच ठेवून गेली. असा संताप आला! कुणासाठी करतेय मी हे सगळं?

२३ नोव्हेंबर

संताप आहेच.

२५ नोव्हेंबर

तिचं बरोबर आहे. तिच्या तोंडातलं उत्तर मी काढून घेतलं. टाळ्याही मीच घेतल्या.

१ डिसेंबर

आज पुन्हा भांडले. पण या वेळी माझीच खुर्ची सोडायला! पुढच्या वर्षीच्या निवड समितीतून माझं नाव काढा, म्हटलं, तिथे स्नेहलचं घाला. विभागप्रमुख उडालेच — "विद्यार्थिनी? समितीवर?" हो, विद्यार्थिनी! नाही म्हणणारा नियम दाखवा. नियम काही सापडेना. चिडून सही केली शेवटी.

आता पेठ-सुरगाण्याची पोरं मुलाखतीला येतील तेव्हा टेबलापलीकडे त्यांचं माणूस असेल. केव्हा एकदा तिला सांगते असं झालंय.

२ डिसेंबर

सांगितलं. स्नेहलने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "मला विचारलं नाय तुम्ही."

खरंच की. म्हटलं, बरं, आता विचारते. बसशील समितीवर?

"नाय," म्हणाली.