पालोमिनोबद्दल माझं ठाम मत

७ जून
पालोमिनो निवडून आला. देशाचं वाटोळं झालं. सकाळी सातच्या माझ्या रेडिओ कार्यक्रमात मी तसं स्पष्ट सांगितलं. ‘हा माणूस राष्ट्राध्यक्ष व्हायच्या लायकीचा नाही आणि माझं हे मत मरेपर्यंत बदलणार नाही’ हे वाक्य मुद्दाम दोनदा म्हटलं. काचेपलीकडे साउंडवाल्या विल्फ्रेदोची मान खाली होती आणि खांदे हलत होते. भारावला असावा.

सातुर्नीनोशी बोलणं बंद. तो माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता, निवृत्त इतिहासमास्तर. आम्ही दोघांनी केस एकत्रच पांढरे केले. पण या निवडणुकीत त्याने पालोमिनोसाठी घरोघरी फिरून मतं मागितली. तो माफी मागेपर्यंत रविवारी सकाळी त्याच्याबरोबर अडोबो, आपला डुकराचा झणझणीत रस्सा, खायला जाणार नाही. ओफेलिया म्हणाली, “मग कोणाबरोबर जाशील? तुला दुसरं कोण बोलावतं?”
बायकोला तत्त्वाची गोष्ट समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

२८ जुलै
शपथविधी टीव्हीवर पाहिला. कोट खांद्यात सैल. तसं उद्या बोलायचं.
भाषणात अरेकिपाचं नाव दोनदा घेतलं. लिमाच्या लोकांना आपलं शहर नकाशावर सापडत नाही, त्यामानाने बरं. हे मात्र बोलायचं नाही.

१२ ऑगस्ट
आमंत्रण आलं! शहराच्या वाढदिवसाला पालोमिनो येतोय आणि नाश्त्याला स्थानिक पत्रकार बोलावलेत. जाणार नाही.

१२ ऑगस्ट, दुपारी
जाणार आहे. शत्रूला जवळून बघितलंच पाहिजे. ओफेलियाला निळा सूट इस्त्री करायला सांगितला. ती म्हणाली, इस्त्री कपाटात आहे.

१५ ऑगस्ट
पालोमिनोंच्या समोर, जरा उजवीकडे बसलो. त्यांनी माझ्याकडे थेट बघून मीठ मागितलं. मी दिलं. “तुम्ही रेडिओवाले ना?” म्हणाले. म्हणजे ऐकतात! मी आवाज खाली आणून म्हणालो, मी थोडी टीका करतो. ते म्हणाले, “करा, करा. तुमच्यासारख्यांना तर बाहेरदेशी पाठवायला हवं.”
शब्द नीट लक्षात ठेवले आहेत. बाहेरदेशी. म्हणजे वकिलात.
कोट जवळून पाहिल्यावर अजिबात सैल नाही. तो तसाच शिवलेला आहे.

१६ ऑगस्ट
आज ‘पालोमिनो: एक गैरसमज’ या विषयावर बोललो. गैरसमज कोणाचा, ते सांगितलं नाही. मी मत बदललेलं नाही. जून महिन्यात मी तेव्हाच्या पालोमिनोबद्दल बोललो होतो.

२ सप्टेंबर
पोर्तुगीज शिकायला सुरुवात केली. लिस्बनची हवा माझ्या गुडघ्यांना मानवेल. ओफेलियाला विचारलं, समुद्राकाठी राहशील का. ती म्हणाली, “आधी तो नळ गळतोय तो बघ.”

१९ सप्टेंबर
भयंकर प्रकार. पालोमिनोंनी डोंगरातल्या छोट्या शाळा बंद करायचं ठरवलं. (दूरदृष्टी. चार पोरांसाठी एक मास्तर कशाला? सविस्तर बोलणार आहे.) तर सातुर्नीनो बाजाराच्या चौकात बाकावर उभा राहिला आणि म्हणाला, “मी तुमच्या दारात येऊन या माणसासाठी मत मागितलं. मी चुकलो. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांची माफी मागतो.” भाजीवाल्या बायका म्हणे रडल्या. एकीने त्याला फुकट कणसं दिली.
तीन महिन्यांत माणूस पालटला! लाज नाही? उद्याचा कार्यक्रम ‘सरड्यांचा देश’.
तो माफी मागेपर्यंत बोलणार नाही असं जूनमध्ये लिहिलं होतं. त्याने मागितली, पण माझी नाही. सबब बोलणं बंदच.

६ ऑक्टोबर
माझी लोकप्रियता वाढते आहे. कार्यक्रमाच्या आधी पंधरा मिनिटं स्टेशनचे फोन थांबतच नाहीत. विल्फ्रेदोला विचारलं, लोक काय विचारतात? “तुमचं आजचं मत काय असेल, तेच विचारतात, डॉन एव्हारिस्तो.” मालकीण डोन्या ग्रिसेल्दा खूश. माझ्या खुर्चीला नवी गादी लावली.
आज रस्त्यात एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून ओरडून विचारलं, “उद्या बाजूने की विरुद्ध, डॉन?” मी म्हणालो, सत्याच्या बाजूने. तो वैतागून म्हणाला, “तसं नको, नीट सांगा ना!” जनता मार्गदर्शनासाठी आसुसली आहे.

९ नोव्हेंबर
लिस्बनच्या वकिलातीत पालोमिनोने आपल्या दाताच्या डॉक्टरला पाठवलं.
दाताच्या डॉक्टरला.
पोर्तुगीज बंद.

१० नोव्हेंबर
संसदेत पालोमिनोला हटवायचा ठराव उद्या मतदानाला येतोय. सगळे म्हणतात, संध्याकाळपर्यंत गेला. याचा कालच्या नेमणुकीशी काही संबंध नाही, पण मी शाळांच्या प्रश्नावर फार दिवस अस्वस्थ होतोच.

११ नोव्हेंबर
आज आग ओकलो. ‘ज्या हाताने मी मीठ दिलं, त्याच हाताने आज बोट दाखवतो.’ विल्फ्रेदोने टाळ्या वाजवल्या. बाहेर फोनवर कोणीतरी जिंकल्यासारखं किंचाळलं, तेही ऐकू आलं. इतका परिणाम!

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
ठराव पडला. पालोमिनो टीव्हीवर हसत होते. कोट नवा होता.

१२ नोव्हेंबर
मित्राने मित्रावर केलेली टीका म्हणजे शस्त्रक्रिया असते, हे आज समजावून सांगितलं. आवाज जरा बसला होता.
घरी आलो तर ओफेलियाने सुपात बुडवायला पाव दिला आणि म्हणाली, “एव्हारिस्तो, तू एकदा तरी ‘मला कळलं नव्हतं’ असं का म्हणत नाहीस? सातुर्नीनो म्हणाला तर काही आभाळ कोसळलं नाही.”
मी म्हणालो, तो मास्तर आहे, त्याला परवडतं. माझं मतांवर चालतं.
“मग मत ठेव की एखादं,” म्हणाली.
सूप खारट होतं. बोललो नाही.

४ फेब्रुवारी
लाचेच्या बातम्या रोज येतात. मी डगमगत नाही. गेल्या वेळी घाई झाली; या वेळी निष्ठा काय असते ते दाखवणार. आज छातीठोक सांगितलं, पालोमिनो पूर्ण मुदत काढतील. मी शब्द देतो.

४ फेब्रुवारी, दुपारी
राजीनामा दिला. (त्यांनी.)
उपाध्यक्षबाई लेदेस्मा शपथ घेणार.

५ फेब्रुवारी
लेदेस्माबाईंचं धैर्य, साधेपणा, स्त्रीशक्ती. भाषण छान जमलं. मात्र सुरुवातीला सवयीने एकदा ‘पालोमिनोसाहेब’ म्हणालो.

१३ मार्च, रविवार
दुपारी दार वाजलं. सातुर्नीनो. हातात भाजलेली कोंबडी, अख्खी. मी दारातच म्हणालो, आपलं बोलणं बंद आहे. तो म्हणाला, “तू बोलू नकोस, खा. तुझीच कोंबडी आहे.”
मग सगळं बाहेर आलं. ऑक्टोबरपासून मी आतल्या खोलीत भाषण घोकत असतो तेव्हा, रोज पावणेसातला, डोन्या ग्रिसेल्दा माइकवर विचारते: आज डॉन एव्हारिस्तो सरकारच्या बाजूने की विरुद्ध? बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढायची, ज्याची निघेल त्याला भाजलेली कोंबडी. सगळं शहर खेळतं. बेकरीत खेळतात, बसस्टँडवर खेळतात. नोव्हेंबरमध्ये जी बाई किंचाळली तिला कोंबडीबरोबर बटाटेही मिळाले.
“आणि तू?” मी विचारलं.
“मी पुष्कळदा जिंकलो. तुला मी ओळखतो रे.”
मी विचारलं, माझा मित्र म्हणवतोस आणि मला हसतोस?
त्याने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, “शाळा बंद झाल्या तेव्हा मला वाटलं होतं तू येशील. बाकाजवळ उभा राहशील. काही बोलला नसतास तरी चाललं असतं. नाही आलास. मग रोज सकाळी तुझा आवाज ऐकायला काहीतरी निमित्त लागलं.”
ओफेलियाने मला मांडीचा तुकडा वाढला.
मला काय झालं कोणास ठाऊक, मी उठून उभा राहिलो आणि जाहीर केलं: उद्या सकाळी सातला मी माइकवर राजीनामा देणार. सांगणार, मला काही कळलं नव्हतं. कोणाचंच. सातुर्नीनोने उठून मला मिठी मारली. त्याच्या हातांना कोंबडीचं तेल होतं, सकाळी चर्चसाठी घातलेल्या निळ्या सुटाला लागलं.
या वेळी निर्णय पक्का.

१४ मार्च
राजीनामा पाठ करून गेलो. लाल दिवा लागला. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, लेदेस्माबाईंनी कालच नवं मंत्रिमंडळ जाहीर केलंय. अशा नाजूक वेळी लोकांना वाऱ्यावर सोडून जाणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. मंत्रिमंडळाचं स्वागत केलं.
बाहेर आलो तर डोन्या ग्रिसेल्दा चिठ्ठी वाचत होती. आजचा प्रश्न वेगळा होता: डॉन एव्हारिस्तो राजीनामा देणार का? सातुर्नीनोने रात्रीच तिला बातमी दिली होती आणि स्वतःचं उत्तर ‘देणार’ असं लावलं होतं. तो हरला.
दुपारी जेवायला कोंबडी होती. ओफेलिया जिंकली.