तेवीस जणांचा राब

२ एप्रिल २००४, शुक्रवार
चौथीचा परिसर अभ्यासचा पेपर झाला. सगळ्या तालुक्याला एकच प्रश्नपत्रिका, एकच उत्तरसूची, तपासायला परक्या शाळेचे मास्तर. असंच हवं म्हणून गेल्या वर्षी साप्ताहिकातल्या सदरात मीच ठणकावलं होतं. टोपणनावाने, अर्थात. आपलेच पेपर आपणच तपासले तर जि.प.च्या पोरांच्या मार्कांवर कोण विश्वास ठेवील?
सुमन बाहेर आली ती हसतच. "बाई, सोपा व्हता." पोर सोपा म्हणालं की मला शंका येते.

८ एप्रिल, गुरुवार
शंका खोटी नव्हती. प्रश्न: भाताच्या शेतीत सर्वांत आधी कोणते काम करतात? उत्तरसूची म्हणते, नांगरणी. माझ्या तेवीसच्या तेवीस पोरांनी लिहिलंय, राब भाजतात. आमच्या चांदीप गावाच्या अलीकडे-पलीकडे कुठेही विचारा. शेण, पाला, टहाळं वाफ्यावर पसरून जाळायचं आणि पाऊस लागला की त्या जागी बी पेरायचं. नांगर नंतर.
तालुक्याचं म्हणणं, तेवीस जण एकसारखे चुकले, म्हणजे बाईंनी सांगितलं. (एकसारखे बरोबर आले असते तर बाईंचा सत्कार.) निकाल रोखलाय. सात दिवसांत खुलासा द्या, पटला नाही तर अख्ख्या वर्गाची मे महिन्यात फेरपरीक्षा. मेमध्ये निम्मी पोरं वीटभट्टीवर. जो येणार नाही तो पुन्हा चौथीत. सुमनच्या घरी पुन्हा चौथी म्हणजे शाळा बंद आणि शेळ्या सुरू. तिच्या मोठ्या बहिणीचं तेच झालं.

९ एप्रिल, गुड फ्रायडे
सुट्टी. बोळिंजच्या घरी खुलासा लिहीत बसले. चार मसुदे. यांनी चारही वाचले आणि म्हणाले, "टोमणे काढ." काढले. अडीच ओळी उरल्या.

१२ एप्रिल, सोमवार
खुलासा हे.मां.कडे नेला. आमचे हेडमास्तर पहिल्यापासून एकाच प्रश्नपत्रिकेच्या विरुद्ध. त्यावरून माझं त्यांचं दोन वर्षं वाजतंय. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, हात झटकले असते तरी मी काही म्हटलं नसतं. 'सांगत होतो ना' म्हणायचा तर त्यांना हक्कच होता. म्हणाले नाहीत. माझ्या अडीच ओळींखाली लिहिलं: 'मीही लहानपणी हेच शिकलो. घरी.' सही, शिक्का.
बाहेर येऊन नळावर उगाच तोंड धुतलं.

१५ एप्रिल, गुरुवार
तालुक्याची बैठक. एकच प्रश्नपत्रिका ठेवावी, की शाळांना आपापली काढू द्यावी? नालासोपाऱ्याचे एक गुरुजी तळमळून बोलले. वर्गात सत्तर पोरं, वर्षात तीन शाळा बदललेली, पेपर तरी सगळीकडे एक असू द्या. पुराव्याला त्यांनी एक कात्रण वाचून दाखवलं. माझं. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या.
मग उठून म्हटलं, पेपर एक असू दे, उत्तर एकच कशाला? गुरुजी चिडतील वाटलं होतं. मान डोलावली त्यांनी.
केंद्रप्रमुखांनी (आमच्या दहा-बारा शाळांवरचे साहेब, मूळचे सोलापूरकडचे) मलाच विचारलं, राबाचं पोरांना कोणी सांगितलं? उत्तर दारातून आलं. सुमनची आई, पार्वतीबाई, न बोलावता हे.मां.च्या स्कूटरवर बसून आली होती.
"माज्या सासूनं सांगितलं. तिला बोलवू का?"
सभा हसली. साहेब हसले नाहीत. राब कधी भाजणार, एवढंच त्यांनी विचारलं.

२४ एप्रिल, शनिवार
साहेब खरंच आले. सकाळी, वारा पडलेला असताना पार्वतीबाईंनी वाफा पेटवला. सुमन हिरवी फांदी घेऊन कडेचा जाळ झोडपत होती आणि साहेबांना शिकवत होती. जाळला नाय तं रान माजतं, रोप नाय. नांगर पानी पडल्यावर. साहेब वहीत लिहून घेत होते, पांढऱ्या पॅंटवर राख.
चहा पिताना खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तो प्रश्न मीच काढला होता. आमच्याकडे आधी नांगरटच."
हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. सात-आठ खोचक वाक्यं तयार होती माझी. एकही वापरलं नाही. अहवाल वर पाठवतो म्हणाले, निर्णय मात्र त्यांच्या हातात नाही.

३० एप्रिल, शुक्रवार
वरून पत्र नाही. उद्या निकाल वाटायचे. तेवीस प्रगतिपुस्तकं लिहून ठेवली. परिसर अभ्यासचा रकाना कोरा, पास-नापासची शेवटची ओळ कोरी. प्रश्नपत्रिकेचं पुढे काय, तेही कोणी सांगत नाही.
सदराचा मजकूरही उद्याच द्यायचाय. मथळा टाकलाय: 'बहुधा माझंच चुकलं.' हे म्हणतात, 'बहुधा' काढ. बघू.
पार्वतीबाईंनी फडक्यात बांधून तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या होत्या. खरं तर मीच काहीतरी न्यायला हवं होतं. घेऊन आलेली सुमन दारातच घुटमळली.
"बाई, उद्या मी पन यायचं ना?"
ये म्हटलं. सगळ्यांच्या आधी ये.